अर्धं आटवलेलं पाणी

दवाखान्यात अवजारं उकळता उकळता बाई निवृत्त झाली, पण उकळण्याची खोड काही सुटली नाही. कात्र्या, चिमटे, सुया... तिच्या पातेल्यातून निघालेल्या वस्तूवर जंतू राहील, काय बिशाद! सगळे तिला उकळीबाई म्हणायचे आणि तीही ते नाव मिरवायची.

सून कामावर जायची तेव्हा तान्हा नातू हिच्याकडे, पावडरच्या दुधावर. दूध कालवायला सून विकतच्या पाण्याची बाटली ठेवून जायची. "आई, बोअरचं नको. मागच्या मळ्यात खतं पडतात."

"अगं, मी कशाला आहे? उकळते ना!" बाई फणकारायची. शेजारणींना सुनेची उधळपट्टी तिखटमीठ लावून सांगायची. सून गेली की बाटली कुंडीत रिकामी आणि बोअरचं पाणी चुलीवर, तेही अर्धं होईपर्यंत. जास्त आटवलं की जास्त शुद्ध, हे तिचं गणित.

एक दिवस बाळाचे ओठ निळे पडले, नखंही. बाईनेच उचलून ज्या दवाखान्यात जन्म घालवला तिथे धाव घेतली. सून कामावरून धापा टाकत आली, तोवर इंजेक्शन देऊन झालं होतं. रंग परतत होता. डॉक्टरीणबाई सुनेवरच बरसल्या.

"दुधाला पाणी कुठलं?"

"विकतचं."

"खोटं बोलू नका! हा खतातल्या नायट्रेटचा त्रास आहे. उकळून जंतू मरतात, हे मरत नाही. मिठाचं पाणी आटवा, जास्त खारट होतं ना? तसंच हे दाट होतं."

बाईच्या बरोबरीच्या जुन्या नर्सबाया दारात उभ्या होत्या. त्यांच्यादेखत कसं बोलायचं? बाईला बाळाहून स्वतःची अब्रू मोठी वाटली, मेली!

सून रडत म्हणाली, "बाळाची शप्पथ, विकतचंच वापरते."

"शप्पथ घेऊ नकोस गं!" बाई ओरडली. "पाणी मी आटवलं. तुझं मी कुंडीत ओतलं."

सुनेने बाळाला उचलून छातीशी धरलं. बाईला कुठं तोंड लपवू असं झालं. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तिला वाटलं.

घरी आल्यावर सून हळूच म्हणाली, "आई, उद्यापासून बाळाला पाळणाघरात ठेवते. रागावू नका."

"ठेव," बाई म्हणाली. "तुझ्या जागी मी असते, तर मीही माझ्याकडे ठेवलं नसतं."