जांभळा ठिपका

मुंगीएवढ्या एका जांभळ्या ठिपक्यापायी माझी मामी सख्ख्या भावाच्या मातीला मुकली. हे मी ज्याला ज्याला सांगितलं तो आधी हसला आणि मग ‘खरंच?’ म्हणाला. मी तिथेच होतो, सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं, तरी सांगताना अजून माझाच विश्वास बसत नाही.

वालेसी ही त्या लितिया मामीची मुलगी, माझी मामेबहीण. आमच्यात आते-मामे भावंडं एकमेकांना ‘तावाले’ म्हणतात, आणि तावालेची थट्टा करणं हा जन्माचा हक्क असतो. ज्याला राग येतो तोच वेडा ठरतो. त्यात आम्ही दोघं सुवा बंदरातल्या एकाच बोट कंपनीत. मी खाली खिडकीत बसून तिकिटं फाडतो आणि ती वर पंख्याखाली बसून कंपनीची वेबसाइट सांभाळते. बेटांवर जाणाऱ्या बोटींची वेळ दर आठवड्याला वेगळी असते, वारा आणि भरती काय म्हणेल त्याप्रमाणे. पूर्वी लोक रेडिओला कान लावून बसायचे, आता वालेसीचं पान बघतात.

तिचं काम बघत बसावं असं. एका हातात उकडलेल्या कसाव्हा कंदाचा तुकडा, दुसरा हात कीबोर्डवर, आणि नजर खिडकीबाहेर रग्बी खेळणाऱ्या पोरांवर. वेबसाइटचं पोट उघडून आत कुठे काय बिघडलंय ते दाखवणारं एक अवजार तिच्या ब्राउझरमध्ये होतं. डीबगर म्हणतात त्याला. त्यात ती न बघता बोटं फिरवायची, जशी मामी न बघता चटई विणते. त्यात केलेला बदल फक्त आपल्याच पडद्यावर दिसतो. पान रिफ्रेश केलं की पुसला जातो. आधी तिथे करून बघायचं, मग खऱ्या फाइलमध्ये लिहून सर्व्हरवर चढवायचं आणि पुन्हा रिफ्रेश करायचं. आता दिसलं तर ते साऱ्या जगाला दिसलं.

“रिफ्रेश म्हणजे शपथ,” ती म्हणायची. “माणूस खोटं बोलेल तावाले, तुझ्यासारखा तर नक्कीच बोलेल. रिफ्रेश खोटं बोलत नाही.”

मग एके दिवशी त्या डीबगरचा नवा अवतार आला. कुणी मागितला नव्हता. रात्रीत आपोआप उतरला आणि सकाळी वालेसीची आरोळी खालच्या तिकिटाच्या रांगेपर्यंत ऐकू आली.

“इसा! माझं घर कुणी फिरवलं?”

इसा म्हणजे मीच. वर गेलो. खालची पट्टी उजवीकडे गेली होती. बटणांवरची अक्षरं जाऊन चित्रं आली होती, आणि चित्रं अशी की खेकडा आहे का कात्री हे देवालाच ठाऊक. जिथे ‘थांबव’ होतं तिथे आता ‘सगळं पुसून टाक’ बसलं होतं. सकाळपासून दोनदा तिने हाताच्या सवयीने तिथे दाबलं होतं आणि दोनदा केलेलं काम गेलं होतं.

“नाचता येईना, अंगण वाकडं,” मी म्हटलं.

“अंगण वाकडंच आहे! डोळे फुटलेत का तुझे?”

“म्हातारी झालीस. नव्या गोष्टी जमत नाहीत आता.”

“बस झालं. जा, तिकिटं फाड जा. तेवढंच येतं तुला.”

पुढे रोज हेच. आज शोधायची जागा सापडत नाही, उद्या अक्षरं इतकी बारीक की भिंग लागेल. तिने बनवणाऱ्यांना लिहिलंसुद्धा. उत्तर आलं, तुमच्या अभिप्रायाबद्दल आभार, हा बदल विचारपूर्वक केला आहे. ते वाचून ती इतकी भडकली की शेजारच्या मालाच्या गोदामातली माणसं दाराशी येऊन उभी राहिली. आम्ही सगळ्यांनी तिच्या कुरकुरीची मौज केली. शेवटी शेवटी तिच्याकडे कुणी लक्षही देईना, आणि मला वाटतं, तिचाही स्वतःवरचा भरवसा उडाला. आपल्यालाच जमत नसेल, असं एकदा मला म्हणालीसुद्धा. वालेसीच्या तोंडून असलं काही ऐकण्याची मला सवय नव्हती.

त्याच आठवड्यात गाऊ बेटावर मामीचा थोरला भाऊ सेरु गेला. वालेसीचा मोमो, म्हणजे मामा. शनिवारी माती ठरली. मामीच्या माहेरी भावाच्या शवपेटीखाली बहिणीने विणलेली चटई अंथरतात. बहीण आली नाही तर दुसऱ्या कुणाची अंथरतात, पण ते अंथरणं नव्हे, झाकपाक, असं मामीच म्हणायची. तिची चटई केव्हाच विणून तयार होती. थोरल्या भावाची चटई बहिणीकडे तयारच असते. तिच्याबद्दल कुणी बोलत नाही, एवढंच.

गाऊची बोट गुरुवारी संध्याकाळी सहाला सुटणार होती. बुधवारी दुपारी कॅप्टन इलियेसा ऑफिसात आला. म्हणाला, रात्री वारा उठणार, बोट दुपारी बारालाच काढायची, म्हणजे प्रवाळाच्या भिंतीतली खिंड उजेडात ओलांडता येईल. मी खिडकीवरची पाटी बदलली. वालेसीने पान बदलायला घेतलं. आधी डीबगरमध्ये सहाचे बारा करून बघितले, मग फाइलमध्ये लिहून सर्व्हरवर पाठवलं. नेट त्या दिवशी येत-जात होतं, वाऱ्याआधी असंच होतं. तिने पान रिफ्रेश केलं. बारा. पुन्हा केलं. बारा.

मग नाउसोरी गावी मामीला फोन लावला. आईला ती ‘ना’ म्हणते. मी तिथेच उभा होतो.

“ना, बोटीची वेळ बदललीय. पान बघून घे.”

“थांब,” मामी म्हणाली. पोरीने केलेलं पान बघायला मामीला फार आवडायचं. शेजारणींना दाखवायची. जरा वेळाने आवाज आला, “बघितलं गं.”

“दिसतंय ना नीट?”

“स्वच्छ दिसतंय.”

एवढंच बोलणं झालं. किती वाजता हे हिने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. दोघींच्या समोर तेच पान होतं, मग बोलायचं कशाला?

गुरुवारी धक्क्यावर गर्दी होती. टॅरोच्या कंदांची पोती, केरोसीनचे डबे, दोरीने बांधलेली डुकरं. ज्यांनी फोन करून विचारलं होतं ते सगळे आले होते. वालेसी लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावून आईला निरोप द्यायला आली. मामी दिसेना. बोटीच्या इंजिनाची घरघर सुरू झाली तरी मामी नाही. वालेसीने फोन लावला.

“ना, कुठे आहेस तू?”

“घरी. केस विंचरतेय. का गं?”

“घरी? अगं बोट सुटतेय!”

“काहीतरीच काय! सहाला आहे ना?”

“बाराला! पान बघ म्हटलं होतं ना?”

“बघूनच सांगतेय. आत्तासुद्धा समोर आहे. सहा.”

वालेसीने तिथेच पिशवीतून लॅपटॉप काढला, टॅरोच्या पोत्यावर ठेवला आणि उघडला. बारा. रिफ्रेश केलं. बारा. मग माझ्या हातातला फोन हिसकावून घेतला आणि तेच पान त्यावर काढलं. सहा.

ती एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. एकच पान, एकच नाव, एकच पत्ता. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मी पाहिलं. मला तर त्यातलं काही कळत नव्हतं. मग तिने डीबगर उघडला आणि पडद्याच्या इतकं जवळ नाक नेलं की श्वासाने काच धुरकटली. फाइलच्या नावाशेजारी एक जांभळा ठिपका होता. त्यावर बाण नेला तेव्हा कुठे छोटी ओळ उमटली: ‘तुमचे बदल जपून ठेवले आहेत.’

नव्या अवतारात हा बदलही होता. आता रिफ्रेश केलं तरी पुसलं जात नव्हतं. नेटच्या घोळात तिची खरी फाइल सर्व्हरवर पोचलीच नव्हती, आणि डीबगर तिचा स्वतःचाच बदल तिला पुन्हा पुन्हा दाखवत होता. पट्टी हलली म्हणून तिने आकाशपाताळ एक केलं होतं. रिफ्रेशची शपथ मोडली ती मात्र मुकाट्याने, एका ठिपक्याआड.

“मी जपून ठेव म्हटलं होतं का?” ती लॅपटॉपला विचारत होती. “तावाले, मी म्हटलं होतं का तसं?”

मी कॅप्टनकडे धावलो. म्हटलं, मामी टॅक्सीने निघालीय, जरा थांब, भावाच्या मातीला चाललीय. इलियेसाने टोपी काढली. “सेरु माझ्यासोबत मासे मारायचा,” तो म्हणाला. “पण बोटीत बायकापोरं आहेत. अंधारात ती खिंड मी ओलांडणार नाही.” त्याचं चुकलं असं मी कसं म्हणू? शनिवारपर्यंत दुसरी बोट नव्हती आणि वाऱ्यामुळे विमानही बंद होतं. बोट सुटली.

मामी आली तेव्हा धक्का रिकामा झाला होता. काळा पोशाख, खांद्यावर चटईची गुंडाळी, मागे दोन शेजारणी. समुद्राकडे तिने एकदाच बघितलं.  वालेसीने नुसता लॅपटॉप आईपुढे धरला, पोरं तुटलेलं खेळणं धरतात तसा.

मामीने वाकून वाचलं. बराच वेळ वाचत राहिली.

“तुझ्याकडे तर बरोबर आहे,” ती म्हणाली.

हे वाक्य वालेसीच्या काळजात जे रुतलं ते अजून निघालेलं नाही. मामी टोमणा मारत नव्हती. तिला पोरीचं काम बरोबर दिसलं आणि तिने तसं सांगितलं. आपलंच काहीतरी चुकलं असणार, आपल्याच फोनचं, आपल्याच डोळ्यांचं, असं तिने धरून टाकलं. वालेसी मात्र तिथे पोत्यावर बसून हमसून हमसून रडली.

सेरुची माती शनिवारी झाली. खाली चुलत वहिनीची चटई अंथरली. मामीची चटई वालेसीच्या खोलीत कोपऱ्यात उभी आहे. तिच्यावर कुणी बसत नाही आणि तिला कुणी हलवत नाही.

वालेसीने डीबगर बनवणाऱ्यांना पुन्हा लिहिलं. या वेळी एक शिवी नाही, नुसतं काय झालं ते. उत्तर आलं, बदल जपून ठेवल्याची खूण फाइलच्या नावाशेजारी दिली आहे, कृपया लक्ष द्यावे. मी वाट बघत होतो, आता आरोळी येईल. आली नाही. तिने ते वाचलं, बंद केलं आणि कामाला लागली.

आता ती वेळ बदलली की वरून हाक मारते, “तावाले, तुझ्या फोनवर किती दिसतंय?” मी मोठ्याने वाचतो. तिची थट्टा करायचा माझा हक्क अजून शाबूत आहे, पण त्या वेळेला मी तो वापरत नाही.

आणि मामी? पुढच्या महिन्यात भावाच्या कबरीवर फुलं घालायला तिला गाऊला जायचं होतं. वालेसीने फोन लावला, वेळ पक्की झालीय म्हणाली, आणि जुन्या सवयीने तोंडातून निघून गेलं, “पान बघ, ना.”



“पान नको गं,” मामी म्हणाली. “तू तोंडाने सांग.”