तो नाही म्हणाला होता

माझा धाकटा भाऊ घाबरट नव्हता, पण शूरही नव्हता. तो नीट विमान चालवायचा, एवढंच. शिनोलीच्या आमच्या घरातून पायलट झालेला तो पहिलाच. एका कारखानदाराचं चार सीटांचं विमान त्याच्याकडे होतं. ते डोळ्यांनी बघून चालवायचं विमान. ढगात शिरलं की वर कुठे, खाली कुठे काही कळत नाही, असं तो सांगायचा.

आदल्या पावसाळ्यात एकदा ढग बघून तो अर्ध्या वाटेतून परत फिरला होता. विमानातून उतरल्यावर मालक पाहुण्यांसमोर म्हणाले, "तुला एसटी चालवायला पाठवायला हवं होतं." सगळे हसले. घरी हे सांगताना भाऊही हसला. मला तेव्हाच राग आला होता.

त्या सकाळी त्याचा नाशिकहून फोन आला. विमान रिकामंच पुण्याला आणायचं होतं, कारण दुपारी मालकांना कुठेतरी उद्घाटनाला जायचं होतं.

"ताई, डोंगर दिसत नाहीत. मी नाही म्हणालोय त्यांना."

"मग नको ना निघू."

"परत विचारतायत. बघतो."

तो निघाला. ढगांत फट शोधत पश्चिमेला सरकत गेला असावा. आहुप्याच्या लोकांनी धुक्यात आवाज ऐकला आणि मग तो बंद झाला. तेच लोक चिखलातून कड्यापर्यंत गेले. त्यांनीच त्याला खाली आणलं. घोडेगावच्या दवाखान्यात मी त्याला हाताच्या घड्याळावरून ओळखलं.

दहाव्यानंतर मालक घरी आले. सोबत मॅनेजर होता. वडिलांनी त्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला. मालक म्हणाले, "फार धाडसी मुलगा होता."

मी आतून बाहेर आले. "तो धाडसी नव्हता. तो तुम्हाला नाही म्हणाला होता."

मॅनेजर म्हणाला, "मॅडम, उडायचं की नाही हे शेवटी पायलटच ठरवतो. नियमच आहे."

"मग परत कशाला विचारलंत?"

वडील म्हणाले, "अगं, घरी आलेलं मानूस हाय. आसं बोलू न्हाई."

मी चहाचे कप तसेच भरलेले उचलून आत नेले. ते गेल्यावर वडील माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. चौकशीत निष्कर्ष निघाला, खराब हवामानात पायलटनं उड्डाण चालू ठेवलं. हे खरंच आहे. म्हणूनच मला त्याचाही राग येतो. का ऐकलंस? हसले असते, हसू द्यायचं होतं. नोकरी गेली असती तर घरी आला असतास.

यंदा मालकांनी दुसरं विमान घेतलं. भावाच्या मित्राकडून मी नव्या पायलटचा नंबर मिळवला. फोनवर आवाज कोवळा होता. मी कोण ते सांगितलं आणि म्हटलं, "ढग दिसले तर परत फिर. ते काहीही बोलले तरी फिर."

"हो ताई," तो म्हणाला. मग त्यानं हळूच विचारलं, "त्यांनी किती वेळा विचारलं होतं?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "तू एकदाच सांग, आणि फोन बंद कर."