कार्डाच्या मागचा नंबर

मी चादरीवरची नक्षी काढते. पूर्वी हाताने काढायची, आता संगणकावर. सोलापुरात हे काम येणारे फार उरलेले नाहीत, आणि ही गोष्ट मी चारचौघांत जरा जास्तच वेळा सांगते असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे.

आमचं सगळं काम दोन शब्दांवर चालतं, ग्राफ आणि कार्ड. ग्राफ म्हणजे चौकड्यांचा कागद. त्यावर एकेक घर रंगवत मोर, कमळ, वेल काढायची. कार्ड म्हणजे जाड पुठ्ठ्याची पट्टी. ग्राफ बघून तिला भोकं पाडायची आणि अशा शेकडो पट्ट्या ओळीनं शिवून मागाच्या डोक्यावर टांगायच्या. कुठला धागा वर उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा, हे ती भोकं मागाला सांगतात. आता पुठ्ठे गेले आणि फाइल आली, पण आमच्या तोंडातला शब्द काही बदलला नाही. फाइललाही आम्ही कार्डच म्हणतो.

हे मला मास्तरांनी शिकवलं. त्यांचं वय आज अठ्ठ्याहत्तर. घरात तेलुगू, बाहेर मराठी. मी माढ्याकडून आलेली बावीस वर्षांची पोर होते तेव्हा ते मला ‘अम्मा’ म्हणाले आणि मला रागच आला. त्यांच्याकडे लेकीलाही अम्मा म्हणतात हे कळायला मला महिना लागला. नजर गेल्यापासून त्यांना उजेड-अंधार आणि माणसाचा आकार एवढंच दिसतं. तरी रोज सकाळी दहाला येऊन माझ्या टेबलाशेजारच्या खुर्चीत बसतात आणि माझं काम ऐकतात. काम ऐकायचं कसं, ते त्यांनाच ठाऊक.

त्यांनी आयुष्यात साठ डिझाइनं केली. ती संगणकात घालायचं काम मी दोन वर्षं करत होते. कागदांना वाळवी लागली होती, म्हणून एक डिझाइन आत गेलं की त्याचा ग्राफ रद्दीत. हा शहाणपणा माझाच. शेवटचं डिझाइन झालं तेव्हा मास्तरांनी विचारलं होतं, “आता माज्यामागं हे ऱ्हाईल न्हवं?” मी छातीठोकपणे हो म्हणाले.

त्यानंतरच्याच आठवड्यात मी इंटरनेटवर रंगाच्या छटा शोधत बसले होते. एकदम पडदा लाल झाला, भोंगा वाजायला लागला आणि मोठ्या अक्षरांत सूचना आली की संगणकात व्हायरस शिरलाय, बंद करू नका, या नंबरवर फोन करा. फोन मी केला. हे सांगायलाच हवं, कारण नंतर भेटेल तो विचारायचा की त्या लोकांना तुमचा नंबर मिळाला कसा. कसा म्हणजे, मीच दिला.

पलीकडच्या माणसाला मी आजही मानते. इतक्या मायेनं माझ्याशी सख्खा भाऊही बोललेला नाही. ताई, घाबरू नका, कशाला हात लावू नका, मी आहे. त्यानं एक प्रोग्रॅम घालायला लावला, त्यातले नऊ आकडे विचारले, आणि पडद्यावरचा बाण आपला आपण चालायला लागला. माझा एक हात फोनला आणि दुसरा मांडीवर होता. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. त्यानं लाल फुल्यांची एक लांबलचक यादी उघडून दाखवली. तशी यादी धडधाकट संगणकातही असते हे मला पुढं कळलं. मग तो गंभीर होऊन म्हणाला की तुमचं ग्राफिक कार्ड खराब झालंय.

संगणकात त्या नावाचा एक भाग असतो. मला काय ठाऊक? मी ऐकलं ते ग्राफ आणि कार्ड. माझ्या अंगावर काटा आला. कुठल्या तरी गावात बसलेल्या माणसाला माझा ग्राफ दिसतो, कार्ड दिसतं, ते बिघडलंय हेही कळतं. हा तर आपल्यातला निघाला, असं वाटून माझी उरलीसुरली शंका गेली.

दुरुस्तीआधी ओळख पटवायची म्हणून त्यानं कार्डाचा नंबर मागितला. मी विचारलं, कुठल्या कार्डाचा, पहिल्या की शेवटच्या? तो म्हणाला, तुमच्याकडे किती आहेत? मी म्हटलं, मोराला बाराशे चाळीस. तो म्हणाला, ताई, घरात असेल ते कुठलंही एक घ्या. मी म्हटलं, घरात कशाला ठेवू, सगळी मोडीत गेली. त्याचा धीर खरंच मोठा. त्यानं समजावून सांगितलं की पुढच्या बाजूला सोळा आकडे असतात आणि मागच्या बाजूला तीन, ते मागचे तीनही लागतील.

माझ्या माहितीत असं कार्ड नव्हतं. पण मोठ्या गिरण्यांत असेलही, म्हणून मी मास्तरांना विचारलं की कार्डाच्या मागं नंबर असतो का.

मास्तर म्हणाले, “मागं कोन घालतंय नंबर? पुढंच घालायचा, म्हंजे कार्ड उलटं शिवलं जात न्हाय. ह्यो मानूस मागावर कदी बसलाच न्हाय, अम्मा. ठेव फोन.”

मी फोन ठेवला नाही. मला त्याला खोटं पाडायचं होतं. हा माझा स्वभाव. तुम्ही कुठल्या कार्डाचं बोलताय, असं मी जोरात विचारलं, आणि त्याचा आवाज एका क्षणात बदलला. एक घाणेरडी शिवी आली. बाण सरळ डिझाइनच्या फोल्डरवर गेला आणि फोल्डर नाहीसा झाला. प्रती ठेवलेला पेनड्राइव्ह मी संगणकातच खुपसून ठेवला होता, तोही त्यानं रिकामा केला. मी टेबलाखाली शिरून प्लग उपटला तोवर सगळं उरकलं होतं.

मग जे करायचं ते सगळं केलं. इंटरनेटची वायर काढली, नवऱ्याच्या फोनवरून पासवर्ड बदलले, बँकेला कळवलं, दुरुस्तीवाल्यानं संगणक धुऊनपुसून नवा केला. सायबर पोलिसांकडे तक्रार दिली. तिथल्या हवालदारांनी विचारलं, त्यानं कुठलं कार्ड मागितलं, डेबिट की क्रेडिट? मी म्हटलं, मला वाटलं पुठ्ठ्याचं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि चहा मागवला. पण गेलेल्या फायलींतली एकही धड परत आली नाही.

मास्तरांना मी दोन दिवस सांगत राहिले की दुरुस्ती चालू आहे. तिसऱ्या दिवशी मला ते झेपेना. सगळं गेलं, आणि कागद मी आधीच रद्दीत घातले, हे मी त्यांच्या समोर बसून सांगितलं. मला रडू आवरत नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, “कापड हाय न्हवं?”

मला आधी कळलंच नाही. मग मी गावाकडे आईला फोन लावून विचारलं, ती मोराची चादर आहे का अजून?

“हाय की,” आई म्हणाली. “तुज्या लग्नातली. अजून घडी मोडली न्हाय तिची.”

सोलापुरी चादर नाही असं घर आमच्याकडे सापडणं कठीण. कुणाच्या कपाटात, कुणाच्या दिवाणावर, एक तर शेजाऱ्यांच्या स्कूटरवर पांघरलेली. मी दारोदार फिरून मास्तरांची डिझाइनं गोळा केली. लोक नव्या चादरीच्या बदल्यात जुनी आनंदानं देत आणि माझ्याकडे जरा काळजीनं बघत.

पहिली आईची चादर उलगडली. मास्तरांनी ती मांडीवर घेतली, तळहातानं एकदा सबंध चाचपली आणि डाव्या कोपऱ्यात अंगठ्याचं नख टेकवलं. “लिही,” म्हणाले. आणि ते सांगायला लागले. तीन भरलेली, एक रिकामं, पाच भरलेली, दोन रिकामी. मोजणी तेलुगूत ओठांतल्या ओठांत, आकडा मराठीत मोठ्यानं. नख धाग्यावरून सरकत होतं आणि माझ्या पडद्यावर घरं भरत होती. विश्वास बसेना म्हणून मी भिंग घेऊन एक ओळ स्वतः मोजली. बरोबर. दुसरी मोजली, बरोबर. तिसरीत फरक आला, तेव्हा मीच चुकले होते. मी भिंग बाजूला ठेवलं. वीस वर्षं मी या माणसाच्या शेजारी बसत होते आणि हे त्यांना येतं हे मला माहीतच नव्हतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मोराचा तुरा झाला आणि मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलेही. ते म्हणाले, मोर पुरा होऊ दे.

चौथ्या दिवशी शेपटीखालचा कोपरा आला. मास्तर म्हणाले, “हितं येक घर जास्तीचं.”

“हो, ती चूक आहे,” मी लिहिता लिहिता म्हटलं. “मला आठवतंय. मागच्या वेळी मी ती काढून टाकली होती. तुमच्या सगळ्याच डिझाइनात या कोपऱ्यात एक घर चुकलेलं होतं. मी साठही नीट केली होती.”

नख थांबलं. मास्तरांनी चादरीवरून हात उचलला आणि पुन्हा त्याच जागी ठेवला.

“चूक न्हाय ती,” ते म्हणाले. “नाव कुटं घालायचं चादरीवर? मालकाचं असतंय. म्हनून येक घर मी माजं ठेवायचो. ते मी हाय, अम्मा.”

त्या लबाडानं जी साठ डिझाइनं पुसली, त्यांतून मास्तर आधीच गेले होते, आणि ते माझ्या हातून. त्याला मी दहा मिनिटांत नऊ आकडे दिले होते. मास्तरांना दोन वर्षांत एवढंही विचारलं नव्हतं की हे घर इथं का आहे. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी ती ऐकली की नाही, कुणास ठाऊक. त्यांचं नख अजून त्याच धाग्यावर होतं आणि मी लिहिण्याची ते वाट बघत होते.

मी ते घर भरलं, आणि भरलं म्हणून मोठ्यानं सांगितलं.

“फुडं घे,” मास्तर म्हणाले. “दोन रिकामी.”