ताईने खोडलेला शेरा

माझ्या ताईच्या घरी जायचं तर आधी अंगाचा वास धुऊन जावं लागतं. अत्तर, पावडर, सुगंधी साबण यातलं काहीही लावून गेलात की ती दारातच नाक मुरडते आणि पाहुण्याला खिडकीजवळ बसवते. बरं, हा काही नखरा नाही. ताई बिअरच्या कारखान्यात बिअर चाखते, आणि नाक हेच तिचं हत्यार आहे.

"म्हणजे पगार घेऊन पितेस की!" असं प्रत्येक लग्नात कोणीतरी म्हणतंच. ताई शांतपणे सांगते, "छोटा ग्लास, दोन घोट, तेही सकाळी, नुसत्या पाण्याने चूळ भरून." मग कोणीतरी विचारतो, चाखून थुंकत का नाही? "कडूपणा घशाशी कळतो. थुंकलं तर अर्धी बिअर न चाखताच राहते." एवढं झालं की ती ताटातला कांदा बाजूला सारते. बावीस वर्षं तिने कच्चा कांदा खाल्लेला नाही.

मी त्याच कारखान्यात गोदाम सांभाळतो, त्यामुळे तिचं घर आणि काम दोन्ही मला दिसतं. चाखायच्या खोलीत एक टेबल, पाण्याचा जग, चार पावाचे तुकडे आणि वर लाल दिवा. लाल अशासाठी, की रंग बघून माणूस फसू नये. टेबलावर एक जाड वही. प्रत्येक टाकीसाठी एक ओळ: तारीख, शेरा, सही. ताईची सही झाल्याशिवाय एकही बाटली भरत नाहीत. त्या वहीत खाडाखोड म्हणून नव्हती. ताईचा शेरा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आता या सगळ्यात बिचारे भावजी, म्हणजे ताईचे यजमान. त्यांचं केस कापायचं दुकान आहे, घराच्या पुढच्याच खोलीत. दुनियेतल्या कुठल्याही सलूनमध्ये शिरा, घमघमाट येतो. भावजींच्या दुकानात गरम पाण्याचा आणि धुतलेल्या टॉवेलचा वास येतो, बस्स. गिऱ्हाइकं चिडवतात, "दाढी करायला आलोय की टाके घालायला?" भावजी हसतात आणि बिनवासाचा फेस करायला घेतात.

गेल्या हिवाळ्यात आमच्या ब्रुअरने, म्हणजे बिअर बनवणाऱ्याने, इंडिया पेल एल नावाची बिअर करायला घेतली. ब्रुअरला सगळे उस्ताद म्हणतात, आणि तसं म्हटलेलं त्याला आवडतं. या बिअरमध्ये हॉप नावाच्या वेलीची वाळवलेली फुलं सढळ हाताने पडतात. ती उकळली की कडूपणा येतो, आणि थंड टाकीत भिजली की वास. पपनसाची साल, चिडाचं (पाइनचं) लाकूड, असा तो वास हवा. उस्तादची पहिली टाकी ताईने नापास केली: "ओल्या गवताचं पाणी." दुसरीही केली: "कडू आहे, पण मुकी." उस्ताद आठवडाभर तिच्याशी बोलला नाही.

तिसऱ्या टाकीच्या दिवशी मी खोलीच्या दाराशीच होतो. ताईने स्वेटरची बाही घड्याळाच्या वर सारली, डाव्या पंजाने ग्लास झाकला, ग्लास गोल फिरवला आणि पंजा जरासा उचलून नाक आत घातलं. तिची नेहमीची पद्धत. मग दोन घोट घेतले, डोळे मिटले. "पपनस," ती म्हणाली. "आणि मागून चीड. उस्ताद, जमलं!" वहीत दहापैकी नऊ पडले. उस्तादने मला उचलून घेतलं. मी त्याच्या दुप्पट वजनाचा आहे.

संध्याकाळी मी भावजींच्या खुर्चीत, अर्ध्या गालाला फेस लावून बसलो होतो. ताई आनंदात आली, आल्या आल्या थबकली, आणि हवेत नाक वर करून म्हणाली, "अहो, हे काय?"

भावजींच्या पाचावर धारण बसली. फळीवर एक इवलीशी बाटली होती. "दाढीनंतर लावायचं लोशन. विक्रेता काल नमुना देऊन गेला. एकच थेंब हातावर घेऊन पाहिला गं! लगेच तीनदा हात धुतले."

ताईने बूच उघडून हुंगलं. "आणि सैल होतो म्हणून काल माझ्या घड्याळाच्या पट्ट्याला भोक पाडलंत, ते कधी?"

"त्याच वेळी... हात धुवायच्या आधी."

ताईने डावं मनगट नाकाशी नेलं. तिचा चेहरा उतरला. चामड्याचा पट्टा, त्यात ते लोशन मुरलेलं, त्यावर दिवसभर स्वेटरची बाही. आणि लोशनचा वास कसला, तर पपनस आणि चीड! दुसऱ्या कुठल्याही बिअरमध्ये तिने हा परका वास क्षणात पकडला असता. नेमका इथेच तो घरचा वाटला.

"सकाळी दहाला बाटल्या भरणार आहेत," ती म्हणाली.

मी म्हटलं, "ताई, कोणाला कळणार आहे? मालक आधीच म्हणतायत, माणसाच्या नाकाचा काय भरवसा, वास मोजायचं यंत्र आणू. तू स्वतःहून चूक सांगितलीस तर तुझी खुर्ची गेलीच समज."

"मला कळलंय ना," ताई म्हणाली.

सकाळी सातला ती घड्याळ न बांधता कारखान्यात गेली. पुन्हा ग्लास, पुन्हा दोन घोट. कडूपणा छान, वास जवळपास नाहीच. मालक आणि उस्ताद दोघांना बोलावून तिने सांगितलं.

उस्ताद उसळला. "बाई, काल तुम्हीच म्हणालात पपनस!"

"ते पपनस माझ्या नवऱ्याचं होतं."

मालकांनी आधी तोंड वाकडं केलं आणि मग जे हसत सुटले, ते डोळे पुसेपर्यंत. उस्ताद मात्र हसला नाही. ताई त्याच्याकडेच बघून म्हणाली, "अजून टाकीतच आहे. थंडीत आणखी फुलं टाका, चार दिवस द्या. बाटलीत गेली असती तर हात बांधले गेले असते." मग तिने वही उघडली, बावीस वर्षांत पहिल्यांदा एक ओळ खोडली, आणि पुढे लिहिलं, "माझी चूक." सही नेहमीसारखीच, ठळक. मालकांनी ते पान बराच वेळ पाहिलं. यंत्राचा विषय त्यानंतर निघालेला नाही. दारावर फक्त एक पाटी लागली: घड्याळ काढून आत यावे.

पाचव्या दिवशी ताईने ग्लास नाकाशी नेला आणि उस्तादच्या हातात दिला. त्याने हुंगलं आणि त्याला रडूच फुटलं. शेरा पडला, साडेनऊ.

त्या शनिवारी दुपारी मी पुन्हा भावजींच्या खुर्चीत होतो. त्यांनी ती बाटली कागदात गुंडाळून विक्रेत्याला परत द्यायला ठेवली होती. ताई आली, तिने कागद सोडला.

"तुम्हाला हा वास आवडला होता?"

भावजी कात्री पुसत राहिले. "असू दे गं. सवय आहे मला."

बावीस वर्षं हा माणूस स्वतःच्या धंद्यातला सगळा सुगंध दाराबाहेर ठेवत आला होता, आणि आम्ही कोणी कधी त्याची दखल घेतली नव्हती. मला फार वाईट वाटलं. ताईने मला खुर्चीतून उठवलं, स्वतः बसली आणि मनगट पुढे केलं.

"लावा," ती म्हणाली. "सोमवारपर्यंत उतरतो."