अंदाजेबाईचे पाच अंदाज

हाडांच्या इस्पितळातल्या आकडेवारीच्या खोलीत तिला सगळे अंदाजेबाई म्हणत. अगदी तोंडावर. रुग्णांच्या माहितीत जिथे रकाना रिकामा, तिथे भर घालणं हे तिचं काम. आणि तिचं सॉफ्टवेअर प्रत्येक रिकाम्या जागी एक नाही, पाच वेगवेगळे अंदाज भरायचं. नवऱ्यानं "कधी येशील?" विचारलं, तरी ती पाच वेगवेगळ्या वेळा सांगे. बिचाऱ्यानं विचारणंच सोडलं होतं.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचा चालण्याचा वर्ग ठेवायचा की गुंडाळायचा, हे तिच्या आकड्यांवर ठरणार होतं. मोठ्या डॉक्टरांनी तगादा लावला, आणि तिनं कधी नव्हे ते रिकाम्या रकान्यांचे, म्हणजे वर्षाच्या तपासणीला न आलेले, रुग्ण सरळ वगळले. उत्तर आलं: वर्गाचा उपयोग शून्य. तिचा चेहराच पडला. ऑपरेशननंतर काठीशिवाय उभ्याही न राहू शकलेल्या तिच्या सासूबाई त्याच वर्गात जात, आणि त्यांचा सगळा जीव त्यात अडकला होता.

घरी येऊन पाहते तो सासूबाई दारात बूट चढवतायत.

"आई, आज तुमची वर्षाची तपासणी होती ना?"

"होती. नाही गेले."

"का हो?"

"अगं, गुडघा दुखत असता तर गेले असते! धडधाकट माणसानं दवाखान्यात काय बसायचं? आमच्या वर्गातलं बरं झालेलं कुणीच जात नाही."

तिनं कपाळावर हात मारला. बरे झालेलेच गैरहजर होते, आणि तिनं नेमकं त्यांनाच उडवलं होतं!

दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांना परत आत घेतलं. आधीच्या तपासण्यांत कोण किती चाललं होतं ते सॉफ्टवेअरला दिलं, रिकाम्या जागा पाच प्रकारे भरून घेतल्या आणि पाचही निकाल एकत्र केले. सासूबाईंचा रकाना मात्र स्वतः भरला नाही. घरी पाहिलेलं तिथं घुसवणं म्हणजे शुद्ध लबाडी. वर गैरहजर मंडळी अंदाजापेक्षा वाईट चालत असतील, असंही धरून पाहिलं. तरी वर्ग तरला.

"यातला खरा निकाल कोणता?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

"एकही नाही, सर. पण पाचही एकाच बाजूनं बोलतायत."

डॉक्टर हसले. वर्ग राहिला.

संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, "आई कुठंय?"

"बागेत असतील. नाहीतर वाचनालयात, बाजारात, मैत्रिणीकडे. नाहीतर तळ्यावर."

"म्हणजे तुला माहीत नाही."

"नाही ना!" ती खुशीत म्हणाली. "पण काठी इथंच आहे बघ."