मोठेबाबांचा इजिप्त

साऱ्या हिंगणघाटात प्राचीन इजिप्तबद्दल माझ्या मोठेबाबांइतकं ठामपणे कुणी बोलत नाही, आणि त्यांच्याइतकं चुकीचंही. हे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. उभी हयात जिनिंगच्या कारखान्यात काट्यावर कापूस तोलण्यात काढली, नागपूरच्या पुढे पाऊल टाकलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर फॅरोंच्या काळातली जादूची कादंबरी लिहायला बसले. नातीनं आणि तिच्या वयाच्या पोरापोरींनी वाचायची म्हणून. नायिका पंधरा वर्षांची, मांजरांशी बोलणारी. नात सावंगीला नर्सिंग शिकते. दर रविवारी तिनं घरी यायचं आणि नवं प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवायचं, असा दंडक होता.

या कादंबरीतल्या इजिप्तात काय नाही ते विचारा. पिरॅमिडवरच्या हमालांना अकरा वाजता चहाची सुट्टी असते. फॅरो उन्हात डोक्याला दुपट्टा बांधतो. मी एकदा म्हणून बसलो, "मोठेबाबा, तिथं तेव्हा चहा नव्हता." लिहिता हात न थांबवता म्हणाले, "मंग येवढाले गोटे त्यायनं काय पाण्यावर उचलले का बे?" 

अभ्यासात मात्र कसूर नाही. ममी कशी होते हे स्वतः पाहावं म्हणून त्यांनी एक अख्खं वांगं मीठ आणि खायच्या सोड्यात घालून बरणीत महिनाभर पुरून ठेवलं. मोठ्या आईनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ते लोणचं समजून पाहुण्यांना वाढलं. पाहुण्यांनी पुन्हा मागून घेतलं. त्यानंतर आठवडाभर मोठेबाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "माह्यावाला राजा खाल्ला त्यायनं."

मागच्या उन्हाळ्यात मोठी आई गेली. गेली त्या दिवशी दुपारी तिनं नातीला फोन केला होता. परीक्षा तोंडावर, संध्याकाळी निवांत बोलू म्हणून नातीनं तो उचलला नाही, आणि संध्याकाळपर्यंत मोठी आई राहिली नाही. पोरीनं ते मनाला लावून घेतलं. रविवारची यायची बंद झाली, कुणाशी धड बोलेना. इकडे मोठेबाबांची लेखणीही अडली. नायिका पाताळात उतरलेली, तिचं काळीज देवाच्या तराजूत पिसाविरुद्ध तोलायचं, आणि जड भरलं तर मगरतोंडी राक्षसीण ते गिळणार. महिनेच्या महिने नायिका तिथं तशीच उभी. दोघांकडे बघून मला फार वाईट वाटायचं.

दिवाळीत पोरगी आली. मोठेबाबांनी वही पुढे केली. "वाच. मले चष्मा सापडून नाई राह्यला." चष्मा नाकावरच होता.

ती वाचू लागली. काळीज पारड्यात ठेवलं, पारडं धाडकन खाली गेलं. राक्षसीण जबडा उघडून पुढे सरकली. तेव्हा काट्यावरच्या देवानं ते काळीज उचललं, मुठीत दाबून पाहिलं आणि म्हणाला, "थांबा. हे ओलं हाय. ओल्या मालाचा काटा करत नसतात. पोरीले म्हणा, घरी ने, वाळू दे, मंग आण."

हा कायदा इजिप्तचा नव्हे, आमच्या जिनिंगचा; ओला कापूस नुसत्या पाण्यानंच जड भरतो. पण पोरीला पुढची ओळ वाचता येईना. मी पाणी आणायच्या निमित्तानं उठलो. परत आलो तेव्हा ती वहीवर डोकं टेकून रडत होती, आणि मोठेबाबा तिच्या पाठीवर हात ठेवून सांगत होते, "रविवारी येजो माय. वाळाले टाइम लागते."