गिधाड टपत नाही

माझी बायको सिनेमा बघताना भांडायची. माझ्याशी नाही, सिनेमात गिधाडं दाखवणाऱ्यांशी.

आम्ही कोसाडला राहतो. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कापड रंगवण्यात माझी सगळी नोकरी झाली. रविवारी टीव्हीवर डाकूंचा सिनेमा लागला की आम्ही दोघं बसायचो. हिरो तहानेनं खडकात पडला की वाळक्या झाडावर गिधाड येणारच आणि किंचाळणारच. मग ही ताडकन उभी.

"हाई गिधाड नई, घार शे घार!"

तिचं म्हणणं, गिधाड असं किंचाळत नाही, नुसतं फिसकारतं. तिला ठाऊक होतं. लहानपणी धुळ्याकडच्या गावात ती शेळ्या चारायची, तिथंच मेलेली गुरं टाकत. गिधाडं उतरायची, अख्खा बैल साफ करायची, मग पोट इतकं जड की पळत पळत उडायची. जित्या शेळीला त्यांनी कधी चोच लावली नाही, म्हणायची.

एका सिनेमात पेंढा भरलेलं गिधाड होतं. मी म्हणालो, "पिसं रंगवलेली आहेत. काळा कच्चा आहे, लालसर मारतोय."

"तुमले रंग समजस, पाखरू समजत नई," ती म्हणाली. "ते गिधाडच नई."

गोष्टींचंही तेच. सून पेपरातली गोष्ट वाचून दाखवायची. पुतण्या म्हाताऱ्याच्या घरावर गिधाडासारखा टपला होता, असं काही आलं की ही तिला अडवायची. "टपस ती मांजर. गिधाड वाट देखस."

उतरायण, म्हणजे आपली संक्रांत, झाली आणि आठवड्यात ती गेली. शेवटचे दिवस मी खाटेजवळच बसून होतो. तिला बरं वाटेल याची वाट पाहत होतो. नाही वाटलं.

मग घरात नवीनच सुरू झालं. पडद्यावर चिता दिसो की गिधाड, सून झटकन चॅनल बदलायची. आबांना त्रास नको म्हणून. पोर मनानं चांगली, तिला बोलणार काय? पण मला तेच तर बघायचं होतं. भिंतीवरच्या फोटोत बायको गप्प असते. गिधाड आलं की ती बोलायची.

परवा जेवणं झाल्यावर टीव्ही चालू होता. वाळवंट, पडलेला माणूस, वर पाखरू. सुनेनं रिमोट उचलला.

"राहू दे!" मी ओरडलो.

ती दचकली. "आबा, गीध आहे ते."

"म्हणूनच राहू दे." आणि गुडघे धरत मीच उभा राहिलो. "हाई गिधाड नई, घार शे घार!"

सुनेनं रिमोट खाली ठेवला. मग पडद्याजवळ गेली, वाकून नीट पाहिलं.

"ना आबा. मान बघा ना, उघडी आहे. घारीची अशी नसते. आईंनीच शिकवलंय मला." मग पदर खोचला, हात कमरेवर ठेवले, अगदी सासूसारखे. "तुमले रंग समजस, पाखरू समजत नई!"

उतरायणीपासून मला असं कोणी झापलं नव्हतं. बरं वाटलं.

मी खाली बसलो आणि पिक्चर शेवटपर्यंत बघितला. गिधाड आणखी दोनदा आलं. दोन्ही वेळा खरं होतं, असं सून म्हणाली.